साल कोण खातं?

ईश्वरीची पोरगी रडत नाही, याचं कोळेकरांच्या घरात आठवडाभर कौतुक चाललं होतं. शेजारणी यायच्या, पाळण्यात डोकावायच्या, हनुवटीला बोट लावायच्या आणि "काय बाई शहाणं लेकरू!" म्हणत कानशिलावर बोटं मोडून जायच्या. ज्या घरात बाळंतीण असते तिथल्या माणसांना झोपेची किंमत कळलेली असते, त्यामुळे न रडणाऱ्या बाळाबद्दल तक्रार करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शैलजाच्या डोक्यात ते आलं होतं. पण तीही गप्प राहिली, कारण तिच्या काळजीखोरपणाची त्या घरात आधीच भरपूर थट्टा झालेली होती.

"ह्या बाईला पाणी दिलं तरी आधी वास घिऊन पिती," आक्का म्हणायच्या.

त्यात खोटं काही नव्हतं. शैलजा कोळेकर सांगोल्याजवळच्या डाळिंब निर्यात केंद्रात प्रयोगशाळेची प्रमुख होती. फळात औषधाचा रेसिड्यू किती उरला आहे हे मोजायचं आणि मर्यादेच्या आत असेल तर सही करायची, हे तिचं काम. तिच्या सहीशिवाय केंद्रातून एक पेटी हलत नसे. अशा बाईच्या घरी भाजीसुद्धा तीनदा धुतली जाते.

ईश्वरी तिची एकुलती एक मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई हर्षद वाघमोडे कोचीच्या गोदीत इंजिनीअर, त्याला रजा मिळेना म्हणून बारसं लांबलं, आणि बारसं नाही म्हणून महिना उलटला तरी पोरीला नाव नव्हतं. म्हणजे नाव ठरलेलं होतं, पण ते फक्त ईश्वरीला आणि हर्षदला ठाऊक. आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटता कामा नये, असा आक्कांचा कायदा होता. आक्का म्हणजे शैलजाच्या थोरल्या नणंदबाई. भाऊ गेल्यापासून त्या याच घरात राहत होत्या आणि घरामागची डाळिंबाची बाग त्याच बघत. त्यांचा कायदा मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

गुटीवरून मात्र त्याआधी वाजलं होतं.

बाळाच्या पोटात मुरडा येऊ लागला तशी आक्कांनी सहाण घासूनपुसून ठेवली. शैलजा म्हणाली, "आक्का, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं. डॉक्टर ओरडतील."

"ईश्वरीला म्या गुटी दिली तवा तू पीएचडीची पुस्तकं वाचत बसली हुतीस. काय झालं तिला? बघ की, घोड्यावानी झालीया."

बाळाच्या रात्रीच्या रडण्याने ईश्वरीलाही रडू येत होतं. ती आत्याच्या बाजूने गेली. मग शैलजाने तडजोड केली. गुटी द्या, पण तिच्यातलं सगळं मी बघून घेणार. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, बदाम, खारीक, एकेक जिन्नस तिने भिंगाखाली धरून पाहिला. शेवटी राहिली डाळिंबाची साल. ती काही सगळ्यांच्या गुटीत नसते, पण कोळेकरांच्या गुटीत असायचीच. पोट बांधून येतं म्हणत. आक्का बागेतून फळ तोडायला निघाल्या तशी शैलजा आडवी आली.

"झाडावरचं नको हं. परवाच फवारणी झालीय. मी केंद्रातलं आणते. तपासलेलं."

तिने परदेशी जाणाऱ्या मालातली टपोरी फळं आणली. दाणे ईश्वरीने खाल्ले, साली गच्चीवर सावलीत वाळल्या. त्या दिवशी शैलजाला फार बरं वाटलं होतं. जुनं आणि नवं आपण कसं छान जुळवून घेतलं, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं.

इथे डाळिंबाबद्दल थोडं सांगायला हवं. डाळिंबाला सुरसा नावाची अळी लागते. फळ लहान असताना ती आत शिरते, फळ वाढतं तसं तिचं भोक बुजून जातं आणि वरून काही दिसत नाही. आपल्याकडे असं फळ निघालं तर माणूस शिवी देतो आणि दुसरं फोडतो. परदेशात तसं चालत नाही. एक जिवंत अळी बंदरात सापडली की ते देश सगळ्या मालाला दार लावतात, कारण तिकडच्या बागांत ती पसरली तर तिला खाणारे पक्षी आणि किडे तिकडे नसतात. म्हणून माल जाण्याआधी आतली अळी मारावी लागते. पूर्वीच्या वायूने ओझोनचं नुकसान व्हायचं. गरम वाफेने दाणे तपकिरी पडायचे. थंडीत ठेवावं तर माल पंधरवडाभर अडकून पडायचा.

मग 'नितळ' आला. हा नवा वायू सालीतून अलगद आत जायचा, दाण्यांच्या फटीत पसरायचा आणि अळीच्या मज्जातंतूंमधले निरोप बंद पाडायचा. अळी तडफडत नसे. ती सुस्त व्हायची, खायची थांबायची आणि मरायची. खरी कमाल पुढेच होती. डाळिंबाच्या आंबट रसाला स्पर्श झाला की नितळचा रेणू काही तासांत तुटून निरुपद्रवी व्हायचा. दाण्यांत शोधून सापडायचा नाही. शैलजाने पहिल्या वर्षी हजारो नमुने तपासले, सगळे कोरे. तेव्हापासून केंद्रातल्या प्रत्येक फळाच्या देठाजवळ लेसरने एक बारीकशी खूण कोरली जाऊ लागली. तिच्यावर फोन धरला की हिरवी बरोबरची खूण उमटायची आणि खाली शब्द यायचा, 'निर्धोक'. तालुक्यात नव्या गाड्या आल्या, नवी घरं झाली आणि शैलजाचा मान वाढला. नितळने कुणाचं वाईट केलं, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

त्या सकाळी शैलजा चहाला उठली तेव्हा ओट्यावर सहाण तशीच पडलेली होती. आदल्या संध्याकाळी उगाळलेल्या गुटीचा साका तिच्यावर वाळला होता. खिडकीतून लाल मुंग्यांची रांग आली होती. ती ओट्याच्या कडेने सहाणेपर्यंत पोचली होती, आणि तिथून परत गेलेली नव्हती.

शैलजा वाकली. सहाणेच्या भोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता. एक-दोन अजून हलत होत्या. पळत नव्हत्या, एक पाय उचलत होत्या आणि थांबत होत्या.

असं मरण तिने काचेच्या बशीत शेकडो वेळा पाहिलं होतं. नितळच्या खोलीतून काढलेली अळी अशीच मरते.

चहाचं पातेलं गॅसवर तसंच ठेवून ती आत धावली. पाळण्यातलं पोर डोळे अर्धे मिटून पडलं होतं. शैलजाने त्याच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. महिन्याभराचं बाळ बोट असं घट्ट धरतं की सोडवताना हसू येतं. ही बोटं उघडीच राहिली. तिने हात उचलून सोडला, तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"ईश्वरी! ऊठ. हिने शेवटचं कधी प्यायलं?"

"पहाटे. पण आई, दोन घोट घेतले आणि झोपली. काल पण तसंच करत होती." ईश्वरी उठून बसली आणि आईचा चेहरा बघून तिचा आवाजच बदलला. "काय झालं?"

"दवाखान्यात न्यायचं. आत्ताच्या आत्ता. आक्का, गुटीचं सगळं साहित्य बरोबर घ्या, सहाणेसकट. पुसू नका ती."

"आगं पण काय हुतंय तिला? झोपलीया ती गुमान..."

"आक्का, ती झोपलेली नाही!" शैलजा ओरडली. त्या घरात ती आक्कांवर कधी ओरडली नव्हती.

बोलावलेली गाडी दारात आली. ईश्वरी बाळाला छातीशी धरून बसली, आक्का शेजारी. शैलजाने गुटीच्या डब्यातले सालीचे दोन तुकडे कागदात बांधले आणि दार बाहेरून लावून घेतलं.

"तू येत नाहीस?" ईश्वरीला खरं वाटेना. "आई, तू कामावर निघालीस?"

"डॉक्टरांना कळायला हवं, हे कशामुळे झालंय. ते माझ्या यंत्राशिवाय कळणार नाही. नाहीतर ते चुकीचं औषध देत बसतील. जा तू."

"कशामुळे म्हणजे? तू काय दिलंस तिला?"

गाडी निघाली होती. शैलजा फाटकाशी उभी राहिली, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागलं नाही म्हणून क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याची तिला पुढे फार लाज वाटली.

प्रयोगशाळेत अजून कुणी आलेलं नव्हतं. भिंतीवर नमुना तयार करण्याच्या पायऱ्यांचा तक्ता होता, तिनेच लिहून लावलेला. पहिली पायरी, फळ धुणे. दुसरी, साल काढून टाकणे. तिसरी, खाण्याजोग्या भागाचा लगदा करणे. नियमाप्रमाणे तपासायचा तो खाण्याजोगा भागच. आंब्याची कोय, केळ्याची साल, डाळिंबाचं टरफल कोण तपासत बसणार? इतक्या वर्षांत टेबलाखालच्या बादलीत किती साली पडल्या असतील, आणि त्यांतली एकही तिने यंत्राला दाखवली नव्हती. घरी मात्र तीच साल तिच्या सासूने, आक्कांनी, सगळ्यांनी पोराबाळांना उगाळून दिली होती. दोन्ही गोष्टी तिला पाठ होत्या. फक्त त्या तिच्या डोक्यात कधी शेजारी शेजारी येऊन बसल्या नव्हत्या.

तिने वाळली साल कुटली, द्रावण केलं, यंत्राला लावलं आणि पडद्यासमोर उभी राहिली. बसवेना. दाण्यांच्या नमुन्यात जिथे नेहमी सपाट रेघ यायची तिथे एक सुळका वर चढू लागला. चढला, चढला आणि पडद्याच्या वरच्या कडेला टेकला.

का, ते उघडं होतं. डाळिंबाची साल जिभेला लावली की तोंड आवळून येतं, तो गुण टॅनिनचा. टॅनिनने नितळचे रेणू धरून ठेवले होते. साल वाळवल्यामुळे ते तोडायला पाणीच उरलं नव्हतं. राहिला एक प्रश्न. धरून ठेवलेलं विष पोटात सुटलं कसं? शैलजाने चहाच्या कपाटातलं दूध घेतलं, कोमट केलं, त्यात सालीची पूड ढवळली आणि तेही यंत्राला लावलं. टॅनिनला नितळपेक्षा दुधातली प्रथिनं जास्त प्रिय असतात. हातात पिशवी असलेल्या माणसाला जुना दोस्त भेटला की तो पिशवी खाली ठेवून त्याला मिठी मारतो, तसं टॅनिनने दूध धरलं आणि नितळ सोडून दिला. दुधात तो सगळाच्या सगळा मोकळा झाला होता. गुटी आईच्या दुधात उगाळतात.

तिने दवाखान्यात फोन लावला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रुबीना मुलाणी लाइनवर आल्या.

"आम्ही पाठीतलं पाणी तपासायच्या तयारीत आहोत. मेंदूत संसर्ग झालाय असं वाटतंय."

"संसर्ग नाही. विषबाधा आहे. निर्यातीच्या फळांना नितळ नावाचा वायू देतात, तो गुटीतून गेलाय. मी आकडे पाठवते."

डॉक्टरांनी लगेच विचारलं, "उतारा?"

"नाही. शरीर स्वतःच तोडतं त्याला. तोवर श्वास सांभाळायचा."

"मोठ्या माणसाचं शरीर तोडत असेल. हिचं लिव्हर अजून नीट काम करायला लागलेलं नाही, बाई. किती वेळ लागेल?"

"माहीत नाही," शैलजा म्हणाली. "लहान बाळांवर कुणी तपासलेलंच नाही."

केंद्राचे व्यवस्थापक पाटणे अंगणात मालाच्या गाड्या भरून घेत होते. बिनड्रायव्हरच्या थंडगार गाड्या एकामागून एक बंदराकडे निघत होत्या. पाटणे वाईट माणूस नव्हता. तो फक्त सकाळी सकाळी वाईट बातमी ऐकायला तयार नसायचा.

"गाडी थांबवा," शैलजा म्हणाली.

"कुठली? म्याडम, मालाला तर तुमचीच सही झालीय काल."

"मालाची नाही. सालीची."

कोपऱ्यात सालीची पोती रचलेली होती. अलीकडे परदेशात सोललेले दाणेच जास्त जात, त्यामुळे केंद्रात सालींचा डोंगर साठायचा. तो वाळवून विकायची कल्पना पाटण्यांचीच. तिने पडद्यावरचा आलेख फोनवर दाखवला. पाटण्यांनी तो पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"दाणे स्वच्छ आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं की! साल कोण खातं?"

"ही पोती कोण नेतं, पाटणे?"

पाटण्यांची नजर पोत्यांकडे गेली. पोती काढे-चूर्णवाले न्यायचे. दंतमंजन करायचे, आणि तयार बाळगुटीच्या डब्या. शहरातल्या आयांना सहाण कुठली माहीत असायला, त्या डबीतली पूड दुधात कालवून देत.

"माझी नात दवाखान्यात आहे," शैलजा म्हणाली. तोपर्यंत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाटण्यांनी सालीची गाडी रिकामी करायला सांगितली. मग तिला कट्ट्यावर बसवून ते हळूच म्हणाले, "ही मी थांबवतो. पण हंगाम सुरू झाल्यापासून गेलेल्या गाड्यांचं काय करायचं? डब्या दुकानांत पोचल्या असतील. त्या परत बोलवायचा अधिकार फळसुरक्षा मंडळाचा. कळवा त्यांना. पण म्याडम, एकदा कळवलंत की नितळचा परवाना थांबणार, खोल्यांना कुलूप लागणार. दाणे स्वच्छ असले तरी. ऐन हंगामात. बघा."

"बघितलं," शैलजा म्हणाली.

ती तिथेच बसून मंडळाच्या यंत्रणेत माहिती भरू लागली. ही यंत्रणा म्हणजे एक हुशार संगणक. तो आलेला धोका स्वतः तोलायचा आणि खरा वाटला तर देशभरच्या दुकानांना आणि दवाखान्यांना क्षणात इशारा द्यायचा. शैलजाने आलेख जोडला, आकडे भरले. उत्तर आलं, 'नमूद केलेला भाग खाण्याजोगा नाही. नोंद बंद करण्यात येत आहे.' तिने पुन्हा भरलं, गुटीची पद्धत सविस्तर लिहिली. या वेळी उत्तर बदललं, 'हा भाग खाऊन बाधा झालेल्या ग्राहकाचं नाव आणि पालकांची संमती द्या.' तिने लिहिलं, ईश्वरीचं बाळ. यंत्रणेने ते घेतलं नाही. निनावी ग्राहक तिला चालत नसे. खोट्या तक्रारी फार येतात म्हणून तो नियम केलेला.

पाटणे खांद्यावरून वाचत होते. "इशारा निघाला की तो सगळ्यांना दिसतो. त्यात पोरीचं नाव येणार. खाली तपासनीस म्हणून तुमचं नाव, आणि साल घरी नेणारी म्हणूनही तुमचंच. व्याह्यांना काय सांगाल?"

पोरीचं नाव तर अजून तिलाही माहीत नव्हतं. ती गाडी काढून दवाखान्याकडे निघाली.

काचेपलीकडे बाळ नळ्यांमध्ये पडलं होतं. छाती वर यायची, खाली जायची, मग इतका वेळ तशीच राहायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा. काचेअलीकडे बाकावर ईश्वरी बसली होती. तिच्या मांडीवर गुटीचा डबा उघडा होता आणि हातात सालीचा एक वाळका तुकडा. शैलजा आली तरी तिने वर पाहिलं नाही. तिने तुकड्यावर फोन धरला. साल आक्रसली होती, पण देठाजवळची खूण शाबूत होती. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"निर्धोक," ईश्वरीने वाचलं. "तपासणी, शैलजा कोळेकर. तुझं नाव आहे ह्याच्यावर, आई."

"हो."

"आत्या झाडावरचं आणत होती. तू म्हणालीस, तपासलेलं आणते."

"हो. मी साल कधी तपासलीच नव्हती, ईश्वरी. दाणे तपासत होते. माझ्या लक्षात आलं नाही. माझ्यामुळे झालंय हे."

"तिला कशाला बोलतीयास?" आक्का मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "उगाळलं म्या. ह्या हातांनी. सुस्त पडली तर म्या म्हणलं, गुटी लागू पडली."

ईश्वरीने तुकडा डब्यात टाकला. शैलजाला तिच्या शेजारी बसायचं होतं, पण धीर झाला नाही. तिने उभ्यानेच डब्यांचं सांगितलं. गावोगाव गेलेली पोती, मंडळाची यंत्रणा, नाव. सांगताना तिला स्वतःचंच बोलणं नको झालं. आपण नातीसाठी आलो आहोत की कामासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"म्हणजे तुला आत्ता तिचं नाव पाहिजे," ईश्वरी म्हणाली. "आधी हे सांग, ती वाचेल?"

"माहीत नाही गं."

"मग नाव पण माहीत नसू दे."

तिने तोंड फिरवलं. शैलजा भिंतीशी जाऊन उभी राहिली. पलीकडच्या यंत्राचा बारीक आवाज येत राहिला आणि आपण तो मोजू नये म्हणून ती धडपडत होती.

डॉ. मुलाणी बाहेर आल्या. "तुमच्या फोनमुळे बरं झालं. प्रतिजैविकं थांबवलीत, श्वासावर लक्ष ठेवलंय. आज काही सांगता येणार नाही." मग त्या घुटमळल्या. "मला एक विचारायचंय. परवा आमच्याकडे असंच एक बाळ आलंय. ढिलं, शांत. आम्ही संसर्ग समजूनच औषध देत होतो. आत्ता त्याच्या आईला विचारलं. ती तयार गुटीची डबी वापरते."

"कसं आहे ते?" हे ईश्वरीने विचारलं.

"वरच्या मजल्यावर आहे. हिच्यापेक्षा जास्त दिवस ही गुटी गेलीय त्याच्या पोटात." डॉक्टर जिन्याने वर निघून गेल्या.

ईश्वरी बराच वेळ जिन्याकडे बघत बसली. मग डबा बाकावर ठेवून उठली.

"आत्या, नाव आत्याने सांगायचं असतं ना?"

"व्हय. पर ती हर्षदची भईण, ती बारशाला येनार..."

"तू माझी आत्या आहेस. माझं नाव तूच सांगितलंस माझ्या कानात. चल."

"आगं, असं दवाखान्यात? ना पाळना, ना घुगऱ्या..." आक्कांनी काचेकडे पाहिलं आणि त्यांचा कायदा तिथेच संपला. त्यांनी पदराने डोळे पुसले. ईश्वरीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. नर्सने दोघींना हात धुवायला लावले, अंगात हिरवे डगले चढवले आणि आत सोडलं. शैलजाला आत जाऊ दिलं नाही. तिथे दोघीच मावत होत्या.

ती काचेतून बघत राहिली. आक्का वाकल्या. नळी चुकवून त्यांनी बाळाच्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटल्या. थांबल्या. पुन्हा एकदा म्हटलं, बहुतेक पहिल्यांदा ऐकू गेलं नसेल म्हणून.

ईश्वरी दारात आली. अजूनही तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं नाही. फोनसाठी हात पुढे केला, संमतीसाठी आपला आवाज नोंदवला आणि फोन परत दिला.

"कावेरी," ती म्हणाली. "कावेरी हर्षद वाघमोडे. लिही."

शैलजाने लिहिलं. ग्राहकाच्या रकान्यात नाव, खाल्लेल्या भागाच्या रकान्यात साल. साल कुणी आणली, या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. आजी, असंही पुढे लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं. तिने बटण दाबलं. यंत्रणा थोडा वेळ विचार करत राहिली. मग शैलजाच्या हातातला फोन थरथरला, ईश्वरीचा थरथरला, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला कुणाचा तरी वाजला. भिंतीवरचा दवाखान्याचा पडदा लाल झाला आणि त्यावर सगळ्यात वर कावेरीचं नाव आलं.

संध्याकाळ झाली तरी तिघी तिथेच होत्या. हर्षद विमानतळावर पोचला होता. पाटण्यांचा निरोप आला की खोल्यांना कुलूप लागलंय. शैलजाने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला. आक्का बाकावर बसून जप करत होत्या. ईश्वरी काचेला कपाळ लावून उभी होती आणि शैलजा तिच्यापासून दोन हात लांब.

दिवे लागले तेव्हा आतून एक आवाज आला. इतका बारीक की आधी तो यंत्राचाच वाटला. मग तो पुन्हा आला, थोडा चिरका, रागावलेला. पोरीने तोंड वाकडं केलं होतं आणि मुठी आवळल्या होत्या. ती रडत होती. धड रडताही येत नव्हतं तिला, अर्ध्यातच दमायची आणि पुन्हा सुरू करायची.

ईश्वरीने न बघताच मागे हात केला आणि आईचा हात पकडला. जोरात, बोटं दुखतील इतका.

आतली नर्स पुढे होऊन बाळाला थोपटायला लागली तशी आक्कांनी काचेवर टकटक केलं आणि मान हलवून नको म्हटलं. नर्सला काय ते कळलं नाही, पण तिने हात मागे घेतला. पोर रडत राहिली, आणि तिला गप्प करायला कुणीही गेलं नाही.